स्वमग्न मूल आणि त्याच्या घरावरचा भार

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील अशी भिन्नता आहे की जिच्यामुळे मुलाची इतरांशी संवाद साधण्याची, आवाज, स्पर्श, प्रकाश यांसारख्या संवेदनांना प्रतिसाद देण्याची आणि रोजच्या जगण्यातील बदल स्वीकारण्याची रीत लहानपणापासूनच वेगळी असते. तिची रूपे इतकी निरनिराळी असतात की 2013 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत आधीची वेगवेगळी नावे मोडीत काढून तिला एकाच वर्णपटाचे रूप दिले. त्यामुळे आयुष्यभर एकही शब्द न बोलणारी व्यक्ती आणि उच्च शिक्षण घेऊनही सहकाऱ्यांच्या साध्या गप्पांत गोंधळून जाणारी व्यक्ती या दोघींचे निदान आज एकाच नावाने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगातील साधारणपणे दर 127 माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. प्रत्येक मोठ्या शाळेत आणि प्रत्येक मोठ्या वस्तीत अशी मुले असतात आणि त्यांच्यामागे त्यांचे आईवडील असतात. या आईवडिलांचा अनुभव तपासला तर असे दिसते की मुलाला वाढवण्यात त्यांची जी शक्ती खर्च होते तिच्याहून अधिक शक्ती अंगाला चिकटवलेला दोष झटकण्यात, चुकीच्या ठिकाणी हेलपाटे घालण्यात आणि समाजाने उभ्या करायला हव्या होत्या त्या सोयी एकट्याने उभ्या करण्यात जाते.

या दोषारोपाचा इतिहास स्वमग्नतेच्या वैद्यकीय इतिहासाइतकाच जुना आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावात वकिली करणारे बीमन ट्रिप्लेट यांनी 1938 साली आपल्या पाच वर्षांच्या डोनाल्डविषयी बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना 33 पानांचे टंकलिखित पत्र पाठवले. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यांनी मुलाला सुमारे वर्षभर एका संस्थेत ठेवले होते आणि मग तो सल्ला न जुमानता परत घरी आणले होते. कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांची निरीक्षणे नोंदवणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पहिला मुलगा हाच डोनाल्ड, आणि त्याच्याविषयीच्या वर्णनाचा मोठा आधार वडिलांचे ते पत्र होते. स्वमग्नतेच्या अभ्यासाची सुरुवात अशी एका पित्याच्या बारकाईने केलेल्या टिपणांतून झाली, पण त्याच निबंधात या मुलांच्या आईवडिलांमध्ये जिव्हाळा कमी आढळतो असाही शेरा होता. पुढे त्या शेऱ्याचा सिद्धान्त झाला. आईच्या भावशून्य, थंड वागण्यामुळे मूल स्वतःच्या कोषात जाते, अशी समजूत वैद्यकात रुजली आणि अशा मातांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हटले जाऊ लागले. शिकागोतील ब्रुनो बेटलहाइम यांच्या 1967 मधील पुस्तकाने ती समजूत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली.

ती खोडून काढण्यात पालकांचाच पुढाकार होता. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध संशोधन तपासून त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहिले आणि या अवस्थेचे मूळ मेंदूच्या जीवशास्त्रात आहे, आईच्या स्वभावात नाही, असे पुराव्यानिशी मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये अशी संघटना 1962 मध्येच सुरू झाली होती आणि तिच्या संस्थापकांत मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग होत्या, ज्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. वर्णपटाची आजची कल्पना मुख्यतः विंग आणि त्यांच्या सहकारी ज्युडिथ गूल्ड यांच्या लंडनमधील पाहणीतून आकाराला आली. 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास केला. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली, तर भिन्न जुळ्यांच्या 10 जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती, आणि त्यामुळे आनुवंशिकतेचा वाटा प्रथमच स्पष्ट झाला. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या 2019 मधील अभ्यासाने तो वाटा सुमारे 80 टक्के असल्याचे दाखवले. खुद्द कॅनर यांनी 1969 मध्ये पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. मात्र मधल्या काळात ज्या मातांनी स्वतःला अपराधी मानून वर्षे काढली, त्यांचे झालेले नुकसान कोणत्याही जाहीर कबुलीने भरून निघण्यासारखे नव्हते.

मराठी घरांत 'रेफ्रिजरेटर मदर' हा परदेशी शब्दप्रयोग कोणाच्या कानावर पडलेला नसतो, पण त्यातला आरोप मात्र चांगलाच ओळखीचा असतो. आई नोकरी करते, घरात आजीआजोबा नाहीत, बाळाला बोलायला भावंड नाही, गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, अशी कारणे नातेवाईक सहज सुचवतात आणि अलीकडच्या वर्षांत त्यांत मोबाईलची भर पडली आहे. लहान वयात तासन् तास पडद्यासमोर बसवल्याने बोलण्याचा आणि खेळण्याचा सराव कमी होतो, हे खरेच आहे आणि तो वेळ कमी करणे कोणत्याही मुलाच्या हिताचेच आहे. पण मोबाईलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. अनेकदा घटनाक्रम उलटाही असतो, कारण माणसांपेक्षा ठरावीक आवाज आणि फिरणारी चित्रे ज्या मुलाला शांत करतात त्याच्या हातात थकलेले घर मोबाईल देते. 'मोबाईल बंद करा, मूल बरे होईल' असे छातीठोकपणे सांगणारा माणूस म्हणूनच आईवर तोच जुना ठपका नव्या शब्दांत ठेवत असतो.

निदानापूर्वीचा काळ बहुतेक पालकांना सर्वांत एकाकी वाटतो. मूल हाकेला ओ देत नाही, पण टीव्हीवरील आवडत्या जाहिरातीचा सूर कानी पडताच धावत येते. गाडी चालवण्याऐवजी ती उलटी धरून चाके फिरवत राहते. हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी मोठ्या माणसाचा हात धरून त्या वस्तूकडे नेते. आईला काहीतरी वेगळे असल्याचे जाणवते, परंतु 'मुलगे उशिराच बोलतात' किंवा 'याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता' अशा समजुतीच्या शब्दांनी तिची शंका मागे सारली जाते, जिभेला वेखंड उगाळून लावले जाते, नवस बोलले जातात आणि मौल्यवान महिने निघून जातात. खरे पाहता उशिरा फुटणाऱ्या वाचेपेक्षा ज्याला तज्ज्ञ 'सामायिक लक्ष' म्हणतात त्याचा अभाव ही अधिक महत्त्वाची खूण असते. सामायिक लक्ष म्हणजे मुलाने आकाशातले विमान स्वतः पाहून थांबू नये, तर आईकडे वळून, बोट करून तिलाही ते दाखवावे आणि तिचा चेहरा निरखावा, ही साधारणतः दीड वर्षापर्यंत दिसू लागणारी देवघेव. सोळा ते तीस महिन्यांच्या बालकांसाठी जगभर वापरली जाणारी 20 प्रश्नांची चाळणी अशाच खुणांवर आधारलेली आहे आणि तिची उत्तरे पालकांनीच द्यायची असतात. ही चाळणी म्हणजे निदान नसते; स्वमग्नता सांगणारी रक्ताची किंवा मेंदूच्या प्रतिमेची कोणतीही तपासणी नसल्यामुळे निदान विकासतज्ज्ञ डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष निरीक्षणातूनच करतात.

निदान ऐकल्यावर पालकांच्या मनात दुःख आणि सुटका या दोन्ही भावना एकत्र येतात, कारण एकीकडे मनात रंगवलेले भविष्य कोसळते आणि दुसरीकडे इतके दिवस जे जाणवत होते त्याला अखेर नाव मिळते. या दुःखाविषयी जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने 1993 मध्ये पालकांना उद्देशून एक परखड गोष्ट सांगितली होती: पालकांचा शोक खरा असला तरी तो त्यांनी अपेक्षिलेल्या आणि कधीच न जन्मलेल्या मुलासाठी असतो, तर जे मूल समोर आहे ते हयात आहे, त्याला आईवडील हवे आहेत आणि त्या शोकाचे ओझे त्याच्या अंगावर टाकणे अन्यायाचे आहे. हे म्हणणे पहिल्या वाचनात कठोर वाटते. परंतु निदानानंतर सावरलेल्या घरांकडे पाहिले तर मूल 'बरे' कधी होणार हा प्रश्न सुटून त्याला आज काय सोपे करता येईल हा प्रश्न जेव्हा पुढे येतो, तेव्हाच घराची घडी बसू लागते, असे दिसते.

ही घडी बसवणे म्हणजे काय, हे संवेदनांच्या उदाहरणावरून समजते. अनेक स्वमग्न मुलांना इतरांच्या लक्षातही न येणारा आवाज किंवा स्पर्श वेदनेइतका तीव्र जाणवतो. कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, कपड्याच्या आत शिवलेली पट्टी, केस कापताना मानेवर पडणारे केस यांपैकी कशानेही दिवस उधळू शकतो. काही मुले याच्या उलट जोरदार झोके, घट्ट मिठी किंवा जड पांघरूण शोधत असतात. ताटातली भाजी भाताला लागली की जेवण बंद होते, रोजचा रस्ता बदलला की रिक्षात आकांत सुरू होतो, आणि झोपेची वेळ घरातल्या कोणाच्याच झोपेशी जुळत नाही. अशा वेळी होणाऱ्या उद्रेकाला बघणारे हट्ट समजतात, पण दोहोंत मूलभूत फरक आहे: हट्टाला हेतू असतो आणि हवी ती वस्तू मिळाली की तो थांबतो, तर हा उद्रेक सहनशक्तीची सीमा ओलांडल्याचा परिणाम असतो आणि रागावून, धमकावून किंवा खाऊ देऊन तो आवरत नाही, गोंगाट कमी करून आणि वेळ देऊनच ओसरतो. गणेशोत्सवातील ढोलताशा, दिवाळीचे फटाके आणि लग्नमंडपातील ध्वनिक्षेपक यांमुळे इतरांचे सणाचे दिवस या घरांसाठी कसोटीचे ठरतात. मुलाला पुढे काय होणार हे आधी कळले तर त्याची भीती कमी होते, म्हणून दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर भिंतीला लावणे, बाहेर निघण्यापूर्वी त्या ठिकाणाचे छायाचित्र दाखवणे, कार्यक्रमाला गर्दी जमण्याआधी जाऊन लवकर परतणे अशा युक्त्या पालक स्वतः शोधून काढतात. ही माहिती कोणत्याही अहवालात नसते, ती पालकांच्या डोक्यात असते, आणि डॉक्टर व शिक्षक यांनी ती विचारून घेणे हे चांगल्या उपचाराचे पहिले लक्षण मानायला हवे.

भाषेच्या बाबतीत मराठी कुटुंबांना मिळणारा एक सल्ला विशेष घातक आहे. मूल बोलत नाही, तेव्हा दोन भाषांनी ते गोंधळेल, शाळा इंग्रजी आहे म्हणून घरीही इंग्रजीच बोला, असे अनेकांना सांगण्यात येते, आणि मग ज्या आजीला मराठीवाचून दुसरी भाषा येत नाही ती नातवाशी बोलेनाशी होते, आई तुटक, परक्या वाक्यांत बोलू लागते आणि ज्या मुलाला संवादाची सर्वाधिक गरज आहे त्याच्याभोवतीचा संवाद आटतो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांचा भाषाविकास मागे पडतो असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. म्हणून आईवडिलांनी ज्या भाषेत ते लाड करतात, रागावतात आणि गाणी म्हणतात ती सोडण्याचे काही कारण नाही. वाचा आलीच नाही तरी संवादाचे इतर मार्ग असतात. चित्रे दाखवून मागणी करण्याची पद्धत 1985 मध्ये अमेरिकेत विकसित झाली, आणि मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'जेलो'सारख्या मोबाईल ॲपमध्ये मूल चित्राला स्पर्श करते व यंत्र त्याच्या वतीने बोलते. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही पालकांची भीती स्वाभाविक असली तरी अशा साधनांमुळे बोलणे थांबत नाही, असेच अभ्यासांत दिसून आले आहे.

पालकांच्या अनुभवाचा आपल्या भागातील एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यातील आहे. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील कुटुंबांशी, शिक्षकांशी आणि समाजातील इतरांशी केलेल्या सविस्तर मुलाखती 2012 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत असे दिसले की निदानानंतर कुटुंबे आधी समाजापासून दूर होतात आणि काही काळाने, बहुधा समदुःखी पालकांच्या आधाराने, पुन्हा माणसांत येतात. आणि आरोग्य, शिक्षण व धर्म या तिन्ही क्षेत्रांतील माणसांना या घरांच्या गरजांची फारशी जाण नसल्याने कुटुंबांवर आर्थिक आणि मानसिक बोजा वाढतो. पुढे याच भूमीवर एक प्रयोग झाला. तज्ज्ञांची संख्या कमी असलेल्या प्रदेशात, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन पालकांनाच शिकवले तर काय होईल, हे गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांच्या बाबतीत तपासले गेले. सेवक आईचा व मुलाचा खेळ चित्रित करीत, मग तो तिच्यासह पाहत, आणि मुलाने दिलेला कोणता बारीक इशारा तिने टिपला, कोणता निसटला, यावर तिच्याशी बोलत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आईवडील मुलाच्या कलाने अधिक वागू लागले आणि मूल स्वतःहून संवादाला अधिक सुरुवात करू लागले, जरी सामायिक लक्षाच्या बाबतीत मात्र घट नोंदली गेली. निकाल संमिश्र असला तरी त्यामागील दृष्टी मोलाची आहे, कारण तीत आईची चूक शोधली जात नाही, तिच्या हाती कौशल्य दिले जाते आणि ते देणारा माणूस तिच्या दारात येतो.

आपल्याकडच्या बहुसंख्य घरांच्या वाट्याला मात्र याच्या उलट अनुभव येतो. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, म्हणजे दैनंदिन हालचाली आणि संवेदनांचा समतोल शिकवणारा उपचार, आणि विशेष शिक्षण हे सर्व मोठ्या शहरांत एकवटलेले असल्याने तालुक्याच्या गावातील कुटुंबाला पुण्या-मुंबईकडे खेपा घालाव्या लागतात किंवा आईने मुलासह शहरात आणि वडिलांनी गावी असा संसार विभागावा लागतो. नोकरी सोडण्याची वेळ बहुतेकदा आईवर येते, फीची जुळवाजुळव वडिलांना मूकपणे पोखरते, आणि समंजसपणाची सगळी अपेक्षा धाकट्या-थोरल्या भावंडाकडून केली जाते. या अगतिकतेवर एक बाजार पोसला जातो. विशिष्ट आहार, शरीरातील धातू बाहेर काढण्याची औषधे, ऑक्सिजनच्या बंद कोठड्या असे महागडे मार्ग सुचवले जातात. त्यांतील धातू काढण्याच्या उपचाराने जिवाला धोकाही संभवतो. मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचारासाठी लाखो रुपये उकळले जात असताना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी असा उपचार देणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे स्पष्ट केले. लसीमुळे स्वमग्नता होते हा समज पसरवणारा 1998 मधील 12 मुलांविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच्या मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही रद्द झाला. दागिने मोडून फसव्या उपचारांमागे धावणाऱ्या पालकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु खरा मार्ग घराजवळ आणि परवडेल अशा दरात उपलब्ध असता तर हा बाजार इतका फोफावला नसता.

शाळेचा उंबरठा हा पुढचा अडसर असतो. 1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारांच्या दिव्यांगत्वात तिचा समावेश केला आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. टक्केवारी ठरवण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली 40 मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते, ज्यात एकूण गुण 70 किंवा अधिक झाले तर मूल स्वमग्न मानले जाते. असे प्रमाणपत्र हा कलंक समजून अनेक पालक ते काढण्याचे टाळतात, पण परीक्षेतील लेखनिक व जादा वेळ आणि शासकीय योजना यांची दारे त्यानेच उघडतात. तरीही हक्क कागदावर आणि वर्ग प्रत्यक्षात यांत अंतर उरते: मुलासोबत बसणाऱ्या साहाय्यक शिक्षिकेचा पगार शाळा पालकांच्या माथी मारतात, आणि इतर पालकांच्या तक्रारी येताच 'याला दुसरीकडे बघा' असे गोड शब्दांत सुचवले जाते. असे सुचवणारी शाळा कायदा मोडत असते, हे पालकांनी लेखी स्वरूपात तिच्या निदर्शनास आणून द्यायला हवे.

मूल मोठे होत जाते तसतसा आईवडिलांच्या मनातला 'आमच्या माघारी याचे काय?' हा प्रश्न बाकी सर्व प्रश्नांना मागे टाकतो. भारतात पालकांच्या चळवळीने याचे उत्तर शोधण्यास सुरुवात केली. दिल्लीत 1991 मध्ये मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली, जिथे आईवडिलांना आणि मुलाला एकत्र प्रशिक्षण दिले जाते. मुंबईतही पालकांनी 'फोरम फॉर ऑटिझम' उभा केला. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. मात्र प्रौढांसाठी आधारासह राहण्याची घरे, कामाच्या जागा आणि आईवडिलांना काही दिवस विसावा देणारी केंद्रे यांची उणीव आजही तीव्र आहे. कॅनर यांच्या निबंधातला डोनाल्ड आपल्या गावात कुटुंबाशी संबंधित बँकेत काम करीत, मोटार चालवीत आणि देशोदेशी प्रवास करीत 2023 पर्यंत, वयाच्या 89 व्या वर्षापर्यंत जगला. त्यामागे सधन कुटुंब होते, तसेच त्याला ओळखणारे आणि आहे तसा स्वीकारणारे गावही होते.

ज्या घरातील स्वमग्न मूल अठरा वर्षांचे होत आले आहे, त्या घराने एक गोष्ट लांबणीवर टाकू नये. कायद्यानुसार आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व अठराव्या वर्षी संपते, आणि त्यानंतर बँक, मालमत्ता किंवा उपचार यांसंबंधी मुलाच्या वतीने निर्णय घ्यायचा झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालक म्हणून रीतसर नियुक्ती करून घ्यावी लागते. या समितीकडे अर्ज करण्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागत असल्याने ते आधीच काढून ठेवावे.